कवळीकाकांचं अर्धं विमान

कवळीकाकांचा उजवा हात एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास संपावर गेला. नोटीस नाही, काही नाही. काका मेणात दाढ बसवत होते. दाढ बोटांतून सुटली, टेबलावर दोनदा उडाली आणि खाली कुठंतरी गेली. ती शोधायला काका वाकले आणि वाकलेलेच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्याला वाटलं, सापडत नसेल. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "काका, दुसरी घ्या की." काकांनी उत्तर दिलं, पण ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

झटका हलका आहे, असं दवाखान्यात सांगितलं. दुसऱ्याला आलेला झटका हलकाच असतो. तरी जीभ आठ दिवसांत ताळ्यावर आली, पाय पंधरा दिवसांत जिना चढायला लागला. हाताचं मात्र घोडं अडलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रुसलेल्या जावयासारखी वागू लागली. बोलावलं की यायची, पण सवडीनं, आणि आली तरी नुसती बसून राहायची. उरलेल्या दोन बोटांची काही तक्रार नव्हती, पण अनामिका आणि करंगळी या दोघींच्या जोरावर जगात आजवर कुणी कवळी केलेली नाही.

काका चौतीस वर्षं कवळ्या करत होते. लोकांना वाटतं, कवळी दातांचा डॉक्टर करतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतो आणि शेवटी आरसा धरतो. मधलं सगळं मागच्या बाजूच्या एका खोलीत, स्पिरिटच्या दिव्यापाशी, मेण तापवत बसलेला माणूस करतो. गावातले साठीपुढचे निम्मे लोक काकांच्या दातांनी हसत होते आणि त्यांना काका माहीत नव्हते. काका मात्र सगळ्यांना ओळखायचे. रस्त्यात कुणी जांभई दिली तरी ते थांबून आत बघायचे. काकू कोपर मारायच्या, "अहो, लोकांच्या तोंडात काय बघता?" काका म्हणायचे, "तोंड त्यांचं असेल, दात माझे आहेत."

त्यांची ख्याती होती ती वरच्या पुढच्या सहा दातांसाठी. दात एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे बसवले की लांबूनच खोटे दिसतात. खरे दिसायला प्रत्येक दाताला केसभर खोड द्यावी लागते. एकाला जरा आत, एकाला जरा वळवून, एकाला शेजाऱ्यावर किंचित रेलून. किती, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते काकांच्या अंगठ्यात होतं. आणि अंगठा तर रुसलेला.

तिसऱ्या आठवड्यात मालक भेटायला आले. मालक म्हणजे काकांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. पहिल्या वर्षी मेण जास्त तापवलं म्हणून काकांनी त्यांच्या बोटांवर सुरीची मूठ हाणली होती. आता जे सांगायला आले होते ते सांगणं त्यांना जड जात होतं, म्हणून त्यांनी आधी तीन बिस्किटं खाल्ली.

"काका, घाई नाही," मालक म्हणाले. "सात आठवड्यांनी, एक तारखेला या. एक रुग्ण ठेवतो तुमच्यासाठी. वरचे पुढचे सहा दात माझ्यासमोर बसवा. बसले, तर खुर्ची तुमची."

"आणि नाही बसले तर?"

मालकांनी चौथं बिस्किट उचललं. "काम आहेच की. दवाखान्यांतून मापं आणायची, तयार कवळ्या पोचवायच्या. फिरणं होतं, मोकळी हवा…"

"डबे वाहायचे म्हणजे."

"डबे म्हणजे… हो, डब्यातच असतात त्या."

मालक गेल्यावर काकांनी डाव्या हातानं बशी आत नेऊन ठेवली आणि बाकी दिवसभर काही बोलले नाहीत. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात शब्द जावेत म्हणून दात बसवले, आता स्वतःच्या तोंडातून एक निघेना.

व्यायामाला एक ताई यायची, आठवड्यातून तीनदा. तिनं स्पंजचा पिवळा चेंडू दिला. "हा दाबायचा काका, दिवसातून शंभर वेळा."

"कशाला?"

"पकड यायला."

"चेंडूची येईल. मला दाताची हवीय."

ताईनं अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. ती म्हणाली, "बरं, मग घरात बारीक काम काय आहे? मणी ओवणं, बटणं लावणं, असलं काही?"

"विमान आहे," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

"काय आहे?"

"विमान. माळ्यावर आहे. अकरा वर्षं झाली."

काकांनी मान फिरवली. त्यांना वाटत होतं, ते विमान काकूंना आठवत नसेल. बायकोला काय काय आठवत नसेल, याचे नवऱ्याचे सगळे अंदाज चुकतात.

विमान म्हणजे जुन्या लढाईतल्या दोन पंख्यांच्या विमानाचं मॉडेल, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. एकशे चौतीस तुकडे. अकरा वर्षांपूर्वी हौसेनं आणलं होतं. एक्केचाळीस तुकडे जोडून झाले. मग एके दिवशी पायलटच्या डोक्यावरची काचेसारखी पारदर्शक झडप हातात धरून पाहताना काकांच्या बोटाला लागलेला सरस तिच्यावर उतरला आणि ती पांढरी धुरकट झाली. सरस असा की पुसावा तर आणखी पसरतो. काकांनी तो डाग पाच मिनिटं बघितला, सगळं खोक्यात भरलं आणि खोकं माळ्यावर टाकलं. रागही आला नाही त्यांना. धुरकट कवळी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. धुरकट विमान उडवायचं कारण नव्हतं.

काकू स्टुलावर चढून खोकं घेऊन आल्या. काकू कॉलेजच्या लायब्ररीत बायंडिंगला होत्या. फाटलेली पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, सकाळी सात ते दुपारी एक. त्यांनी खोक्यावरची धूळ पुसली, आतला सूचनांचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "कसर लागलीय. मी चिकटवून आणते."

सरसाची बाटली आत दगड होऊन बसली होती. रंगाच्या डब्यांत रंगाऐवजी कातडं निघालं. रंग नवे आणता आले, सरस मात्र काकांनी पॉलिशवाल्याकडून मागवला. कवळीची पावडर कालवायचा द्रव प्लास्टिकला असा धरतो की पुन्हा सोडवायला करवत लागेल. भेगा बुजवायलाही काकांनी घरचीच पावडर काढली. ती गुलाबी. त्यामुळं पंख जिथं धडाला मिळतात तिथं दोन्हीकडं गुलाबी रेघ उठली.

"विमानाला हिरड्या आल्या," काकू म्हणाल्या.

"रंगाखाली जातील."

"मी नावं नाही ठेवली. निरोगी दिसतात."

पहिल्या दिवशी काकांनी पायलट बसवायला घेतला. पायलट नखाएवढा. चिमट्यात धरला की सुटायचा. एकदा कपात पडला, एकदा सोफ्याखाली गेला, एकदा काकांच्याच बाहीत सापडला. साडेदहाला सुरू केलेलं काम बारा वाजता संपलं, तेव्हा पायलट खुर्चीत होता एवढंच म्हणता आलं असतं. तो समोर बघत नव्हता. एका कुशीला वळून शेजारच्या गच्चीवर कोण आलंय ते बघावं, तसा बसला होता. काकांनी घाम पुसला, दीडला काकू आल्या, जेवण झालं, दोनला गोळी घेऊन काका आडवे झाले. त्या गोळीनं दोन तास गाढ झोप लागायची.

चारला उठून बघतात तर पायलट सरळ. नाकासमोर नजर, खांदे चौकटीत.

काकांना वाटलं, सकाळी आपलेच डोळे थकले असतील. थकलेल्या माणसाला जग वाकडं दिसतं.

दुसऱ्या दिवशी पंख्याचं पातं. सकाळी बसवलं तेव्हा लंगडं वाटलं, चारला बघितलं तर झकास. मग बंदूक, मग शेपटीचं सुकाणू. दर वेळी सकाळी शंका यायची आणि दुपारी फिटायची. काकांनी त्यातून नियम काढला: काम झालं की लगेच बघायचं नाही, झोपून उठून बघायचं. त्यांची भूक वाढली. चेंडू त्यांनी खिडकीच्या फटीत कोंबला, म्हणजे ती वाजणार नाही. एका संध्याकाळी मालकांना फोन करून म्हणाले, "रुग्ण जरा अवघड ठेव रे. सोप्यात मजा नाही."

बुचकळ्यात पडली ती ताई. तिच्याकडं एक मीटर होतं. मूठ आवळली की काटा सरकायचा. पहिल्या आठवड्यात काटा नऊवर, तिसऱ्यात नऊवर, चौथ्यात दहाच्या अलीकडं. ती मीटर बघायची, मग विमान बघायची.

"काका, विमान सुधारतंय. हात तेवढा सुधारलेला दिसत नाही."

"मीटर बिघडलंय तुझं."

"सकाळी एका आजींचे चौदा आले याच्यावर."

"आजींनी विमान केलंय का?"

"नाही."

"मग?"

ताईनं वहीत दहा लिहिले आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

पाचव्या आठवड्यात रंग आला. काकांनी पंखाच्या खालच्या बाजूला आकाशी रंगाचा हात दिला. ब्रश थरथरत होता, रंग कुठं दाट, कुठं नाही, असा चट्ट्यापट्ट्यांचा कारभार झाला. नियमाप्रमाणं ते झोपायला गेले. चारला उठून पंख खिडकीशी नेला. रंग एकसारखा, गुळगुळीत. काकांनी समाधानानं तो उजेडात तिरपा धरला आणि तसाच धरून राहिले.

रंग कितीही सारखा बसला तरी ब्रशाच्या केसांच्या रेघा मागं राहतात. त्या तिरप्या असतात. उजव्या हाताच्या माणसाच्या एका अंगाला कलतात, डावऱ्याच्या दुसऱ्या. जुनी कवळी हातात घेऊन, हा माणूस डाव्या बाजूनं चावतो, उजवीकडची दाढ दुखत असणार, हे सांगणाऱ्या काकांना या रेघा वाचायला चष्मा लागला नाही. अख्ख्या घरात डावरं माणूस एकच होतं, आणि ते या वेळी गॅलरीत कपडे वाळत घालत होतं. डाव्या हातानं चिमटे लावत.

काकांनी पंख जागेवर ठेवला. चहा आला तो प्यायले. काकूंनी विचारलं, "आज गप्प?" म्हणाले, "रंगाच्या वासानं डोकं धरलंय."

त्या रात्री ते काही जागले वगैरे नाहीत, रात्रीचीही गोळी होती. पण सकाळी उठून त्यांनी दोन्ही चाकं बसवली. उजवं जीव ओतून. डावं मुद्दाम वाकडं, इतकं की आंधळ्यालाही खुपावं. दुपारी गोळी जिभेखाली धरून पडले आणि काकू वळल्यावर उशीखाली काढून ठेवली.

दहा मिनिटांनी बाहेर खुर्ची सरकली. चष्म्याच्या घराचं झाकण टक्कन वाजलं. मग शांतता. बायंडिंगच्या माणसाची शांतता असते तशी, श्वास धरलेली. काका उठले आणि दाराच्या फटीशी उभे राहिले. काकू टेबलावर कोपरं टेकून, जीभ दातांत धरून बसल्या होत्या. त्यांनी उजव्या चाकाकडं बघितलं, बोट लावलं नाही. मग डाव्या चाकाकडं बघून कपाळाला हात लावला आणि चिमटा उचलला.

काकांनी पुष्कळ काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण चौतीस वर्षांची सवय वाईट. तोंडातून निघालं ते असं: "चिमटा खाली धर. एवढा वर धरला तर टोक हलणारच."

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी चिमटा खाली धरला. "खरंच की," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं नाही का?"

काका समोर येऊन बसले. "कधीपासून चाललंय?"

"पायलटपासून."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून!"

"तो मेला सारखा बाजूच्या गच्चीकडं बघत होता. मला बघवेना."

"मला वाटलं, हात सुधारतोय."

"मला पण वाटायला लागलं होतं," काकू म्हणाल्या. "मधे मधे मीच विसरायचे, कुठलं माझं, कुठलं तुमचं."

काकांनी विमान जवळ ओढलं. आतापर्यंत ते एक विमान होतं. आता दोन माणसांनी ओढलेलं गाठोडं झालं. बारा दिवसांवर एक तारीख. मालकांना अवघड रुग्ण ठेवायला सांगून झालेलं. आणि आपल्या हातात स्वतःचं किती आहे, हेच ठाऊक नाही.

"अगं, मी तिथं जाऊन काय करणार होतो? तुला खिशात घालून नेणार होतो?"

काकूंनी चष्मा काढला. पदरानं पुसायला लागल्या. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी बशी आत नेऊन ठेवलीत ना, आणि मग बोललाच नाहीत. मला वाटलं, चार दिवस बरं वाटू दे. मग चाराचे चाळीस झाले. चांगलं जेवत होतात."

काकांनी सूचनांचा कागद पुढं ओढला. काकूंनी तो पातळ कापडावर चिकटवून आणला होता, आता शंभर वर्षं फाटला नसता. "लाल पेन्सिल आण. कुठलं कुणाचं, सांग."

मग दोघांनी अख्खं विमान वाटणीला काढलं. सख्ख्या भावांनी जमीन वाटली नसेल एवढ्या बारकाईनं.

"सत्तेचाळीस?"

"माझा."

"अठ्ठेचाळीस?"

"तोही माझा."

"एकावन्न तरी माझा असेल."

"एकावन्न तुमचाच होता, पण उलटा होता."

"म्हणजे तुझा."

"माझाच लिहा."

"हे डावीकडच्या पंख्याचं पातं माझं आहे. मला आठवतंय. सकाळी ऊन इथवर आलं होतं."

"ऊन तुमचं असेल. पातं दुपारी गळून पडलं होतं, मी तीनदा उचललं."

"पण आधी मी लावलं होतं."

"पडलेलं लावलेलं धरायचं का?"

असं सहा वाजेपर्यंत चाललं. झटक्यानंतर बसवलेले तुकडे अठ्ठ्याहत्तर. त्यातले काकूंचे एकोणपन्नास, काकांचे बावीस, सात वादातले. वादातल्या सातांवर दोघांपैकी कुणीही हक्क सोडला नाही.

काकांनी पेन्सिल ठेवली. "अठ्ठ्याहत्तरात बावीस. डबेच वाहायचे."

काकू कागदावर वाकल्या होत्या. लायब्ररीत पानं मोजून मोजून त्यांना एक खोड लागली होती. काही लाल-निळं दिसलं की ते कुठल्या पानापासून सुरू होतं, हे त्या बघायच्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "तुमचे बावीस कुठं आहेत बघा. पहिल्या तीन आठवड्यांत चार. मागच्या दोन आठवड्यांत अठरा."

"मग?"

"मग म्हणजे काय! आता मला काम कमी पडतं. परवा तर मी चष्मा लावला, बघितलं आणि उठले. मला वाटलं, मीच आळशी झाले."

काकांनी कागद स्वतःकडं वळवला. त्यांच्या तुकड्यांवरच्या लाल खुणा वर विरळ होत्या, खाली दाट. त्यांनी तो कागद उलटा धरून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. कुठूनही बघितलं तरी खाली दाटच होत्या.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती आधी काकूंना रागावली आणि मग बावीस तुकडे एकेक बघून आली. "मीटर मुठीचा जोर मोजतं, काका. बोटांच्या टोकाचं काम वेगळं. ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही." तिनं वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं.

पंधरा तुकडे राहिले होते. काकांनी हुकूम काढला: काकूंनी समोर बसायचं, हात मांडीखाली. हात मांडीखाली गेले, पण तोंड मोकळं होतं.

"जरा वर."

"बोलायचं नाही."

"मी भिंतीशी बोलतेय."

"भिंतीला सांग, मला कळतंय."

"भिंत म्हणते, खाली पडणार आता. पडलं!"

तुकडा शोधायलासुद्धा काकूंना उठायची परवानगी नव्हती. काका गुडघ्यांवर फिरायचे आणि काकू मांडीखाली हात ठेवून, "खुर्चीच्या मागच्या पायाशी, नाही, दुसऱ्या," असं सांगायच्या. त्यांना हे इतकं जड जायचं की एकदा पायाच्या अंगठ्यानं तुकडा पुढं सरकवताना त्या पकडल्या गेल्या. आणि धुरकट झडप काकांनी रोज अर्धा तास टूथपेस्ट लावून बोटाच्या टोकानं घासली. दहाव्या दिवशी तिच्यातून पायलट दिसायला लागला. स्वच्छ नाही, पण चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला समोरचा ओळखीचा दिसतो, तितपत.

पंधरातले अकरा बरे बसले. चार वाकडे. काकांनी चारही तसेच ठेवले, काकूंनी हात मांडीखालून काढून पदराला पुसले. विमान पुरं झालं ते डावीकडं जरा झुकूनच. काकूंनी सरळ करायच्या आधीच पकडलेलं ते डावं चाक मुद्दाम वाकडं बसवलेलं होतं आणि सरसानं इमानदारीनं धरून ठेवलं होतं. "उतरताना काहीतरी झालंय म्हणायचं," काका म्हणाले.

एक तारखेला काकूंनी लायब्ररीत रजा टाकली. काकांनी सांगितलं होतं, येऊ नको. त्या म्हणाल्या, मी तुमच्याबरोबर येत नाहीये, मला त्या बाजूला काम आहे. मग ते काम त्या बाहेरच्या बाकावर बसून करायला लागल्या.

मालकांनी रुग्ण खरोखरच अवघड ठेवला होता. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी तरुणपणीचा फोटो पाठवला होता: असं हसू हवं. फोटोत त्यांचे दात किंचित पुढं, एकमेकांशी थोडं बिनसल्यासारखे होते. काकांनी फोटो दिव्याला टेकवून ठेवला. पॉलिशवाल्यानं मशीन बंद केलं. काकांनी सांगितलं, "चालू ठेव. एवढी शांतता मला चालत नाही."

पहिला दात पंचवीस मिनिटांत बसला. पूर्वी एवढ्या वेळात सहाही व्हायचे. मालक घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते. दुसरा दात दोनदा सुटला. तिसरा, चौथा. काकांनी मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं होतं. अंगठा येत होता, उशिरा येत होता, पण आल्यावर कामाला हात लावत होता. सव्वाबाराला सहावा दात, शेवटचा सुळा, मेणात गेला.

मालकांनी साचा उचलला, फोटोशेजारी धरला. त्यांचा चेहरा खुलला. "वा काका! खोड बघा की, अगदी तुमचीच."

काकांनी साचा घेतला. पाच दात बरोबर होते. डावीकडचा दुसरा दात केसभर आत वळला होता. दिसत छान होता. फोटोतल्या बाईंना शोभलाही असता. पण तो त्यांनी वळवला नव्हता. शेवटच्या क्षणी अंगठा थरकला होता आणि दातानं स्वतःचं बघून घेतलं होतं.

"हा माझा नाही," काका म्हणाले.

"असं कसं? माझ्यासमोर बसवलात."

"बसवला मी. वळला तो आपला आपण."

"मग चांगलंच वळला की! बाईंना आवडेल. राहू द्या काका. खुर्ची तुमची, मी म्हणालो ना."

राहू देणं सोपं होतं. मालक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आवडला होता. खोलीत हे कळणारा माणूस एकच होता आणि त्याला खुर्ची मिळाली होती. काकांनी खुर्चीच्या हातावर बोटं टेकली.

"आज आवडेल," ते म्हणाले. "उद्याच्या कवळीत आणखी काहीतरी आवडेल असं होईल. परवा नाही आवडणार. मग हात काय वाट्टेल ते करणार आणि मी नुसता शेजारी बसणार. त्यापेक्षा डबे बरे. डबा निदान सांगू तिथं जातो."

त्यांनी सुरी दिव्यावर तापवली आणि तो दात मेणातून काढला. मालकांनी अडवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. बोटांवरची जुनी मूठ आठवली असावी.

पुन्हा बसवला, फार बाहेर आला. काढला. पुन्हा बसवला, हात थरकला. काढला. पॉलिशवाला डबा उघडून जेवायला लागला, पण चावताना आवाज होऊ देत नव्हता. चौथ्यांदा दात मेणात गेला तेव्हा एक वाजून गेला होता. काकांनी तो अंगठ्यानं किंचित पुढं घेतला, शेजाऱ्याच्या कडेवर टेकवला आणि हात उचलला. अंगठा हवेत थरथरत राहिला. दात हलला नाही.

मालकांनी साचा आधी डोळ्यांजवळ, मग लांब धरला. "मला तर आधीचा आणि हा, दोन्ही सारखेच दिसतात."

"दिसायचा नसतोच तो फरक."

"दिवसाला किती कवळ्या होतील, काका?"

काकांनी खोटं सांगायचा विचार केला, पण तेवढा दम उरला नव्हता. "एक. महिन्यानं दोन बघू."

पूर्वी पाच व्हायच्या. मालकांनी पॉलिशवाल्याकडं बघितलं. "पुढचे सहा तेवढे तुम्ही बसवा. दाढा हा बसवेल."

"त्याला येत नाहीत."

"तुम्ही शिकवा."

पॉलिशवाल्यानं घास तसाच तोंडात धरून दोन्ही हात टेबलाखाली नेले.

काका बाहेर आले. बाकावर काकूंच्या दोन्ही बाजूंना गाल बसलेली माणसं आपापली पाळी येण्याची वाट बघत होती. काकू उठल्या नाहीत. त्यांनी आधी काकांचा हात बघितला, मग तोंड.

"झालं?"

"झालं."

"सगळे तुमचे?"

"सहाच्या सहा," काका म्हणाले. "एक तर चारदा बसवला, तेव्हा कुठं माझा झाला."